संगणक चालू होतो, पंखे फिरतात, पडदा मात्र काळाच

निळापडदा | शनिवार, रात्री १०.५०

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाईने.

घरचा डेस्कटॉप, साधारण सहा वर्षांचा. सुटे भाग आणून मीच जोडला होता. आय-५ ९४००एफ प्रोसेसर, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर-४ रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड, ५०० वॉटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा). परवापर्यंत तक्रार नव्हती. काल डब्यातली धूळ काढली. आज बटण दाबलं तर समोरचा दिवा लागतो, सगळे पंखे फिरतात, ग्राफिक्स कार्डाचेसुद्धा. मॉनिटर मात्र 'नो सिग्नल' एवढं दाखवून झोपी जातो. बीप नाही, लोगो नाही, काहीच नाही.

एचडीएमआय केबल दोनदा काढून लावली, दुसरीही लावून बघितली. मशीन चालू होतंय म्हणजे आतलं सगळं ठीक असणार, मग मॉनिटरच गेला म्हणायचा का? सोमवारी एक काम पोचतं करायचंय आणि ते याच मशीनमध्ये आहे.

भिंगरी | रात्री १०.५८

मॉनिटर 'नो सिग्नल' अशी अक्षरं दाखवतोय ना? मग तो जिवंत आहे. मेलेला मॉनिटर बोलत नाही. :)

तरी त्याच्या बटणांतून इनपुट कुठलं निवडलंय ते बघा. मी एकदा अख्खी दुपार मशीन उघडून बसले होते. मॉनिटर डिस्प्लेपोर्टवर आणि केबल एचडीएमआयमध्ये. पुसताना बोट लागलं असणार.

निळापडदा | रात्री ११.०४

बघितलं. एचडीएमआय-१ वरच आहे. तोच मॉनिटर लॅपटॉपला लावला तर मस्त चालतोय. म्हणजे मॉनिटर आणि केबल दोन्ही सुटले.

ढकलगाडी | रात्री ११.०६

फॉरमॅट मारा. विंडोज अपडेटने हल्ली असंच होतं.

चकवा | रात्री ११.०९

@ढकलगाडी, लोगोच येत नाहीये हो. विंडोजचा नंबर अजून लागलेलाच नाही, फॉरमॅट कशाचं मारणार आणि कशावर बघून मारणार?

@निळापडदा, ग्राफिक्स कार्डातली केबल काढून मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये लावा. तिथे चित्र आलं तर कार्ड गेलं. सरळ हिशोब.

खटपट्या | रात्री ११.१५

चकवा, हिशोब सरळ आहे पण इथे लागू नाही. ९४००एफ मधला 'एफ' म्हणजे प्रोसेसरच्या पोटात ग्राफिक्स नाही. मदरबोर्डला पोर्ट असलं तरी त्यातून चित्र यायला मागे काही नाहीच. त्यांनी तिथे केबल लावली असती, पडदा काळा राहिला असता, आणि आपण सगळे 'अरेरे, बोर्डच गेला' म्हणून मोकळे झालो असतो.

बाकीच्यांसाठी: रायझेनमध्ये ५००० पर्यंतच्या डेस्कटॉप मालिकांत साधारणपणे 'जी' शेपूट असलेल्यांनाच आतलं ग्राफिक्स असतं. ७००० पासून बहुतेकांना थोडंफार दिलंय, तिथेही एफवाल्यांना नाही. बोर्डाच्या पोर्टवर चाचणी घेण्याआधी हे शेपूट वाचून घ्या.

निळापडदा, एक करा. मशीन चालू करून अर्धं मिनिट थांबा आणि कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो का?

निळापडदा | रात्री ११.२१

नाही. कीबोर्डवर एकही दिवा नाही. माऊसखालचा लाल दिवा लागतो तेवढाच.

खटपट्या | रात्री ११.२४

माऊसच्या दिव्याला फक्त वीज लागते. कॅप्स लॉकला उत्तर द्यायला मशीनमध्ये कुणीतरी जागं असावं लागतं. ते नाहीये. म्हणजे चित्र हरवलेलं नाही, मशीनच चित्रापर्यंत पोचत नाहीये. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि दोन्हीला आपण 'डिस्प्ले येत नाही' म्हणतो.

सोल्डरकाका | रात्री ११.४०

खटपट्यांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. थोडं सविस्तर लिहितो, कारण 'पंखे फिरतात म्हणजे आतलं ठीक' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता पाठ आहे.

बटण दाबलं की मदरबोर्ड एसएमपीएसला खूण करतो, तो जाडजूड २४ पिनी जोडातल्या हिरव्या तारेवरून. एसएमपीएस जागा होतो आणि १२, ५ आणि ३.३ व्होल्ट सोडतो. पंखे १२ व्होल्टवर चालतात, ते तेव्हाच फिरायला लागतात. त्यांना प्रोसेसरची परवानगी लागत नाही. व्होल्टेज स्थिर झालं की एसएमपीएस 'पॉवर गुड' नावाचा इशारा देतो आणि तिथून प्रोसेसरचा दिवस सुरू होतो. तो बायोसच्या (मशीन जागं करणाऱ्या पहिल्या प्रोग्रामच्या) चिपमधून पहिल्या सूचना वाचतो, मग रॅम ओळखून तिला कामाला लावतो, मग ग्राफिक्स शोधतो, आणि तेव्हा कुठे पडद्यावर पहिलं अक्षर येतं.

म्हणजे चित्र हे या रांगेतलं शेवटून पहिलं म्हणा ना. त्याआधी जो अडखळेल तो पडद्यावर काही सांगूच शकत नाही. म्हणून तर बीप आणि बोर्डावरचे बारीक दिवे ठेवलेत. हल्लीच्या डब्यांत बीपचा छोटा स्पीकर बहुधा नसतोच, त्यामुळे 'बीप आली नाही' यावरून काहीही ठरवू नका. वाजायला तोंड तर हवं! (जुन्या अवॉर्ड बायोसवर एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे ग्राफिक्सचा दोष, हे आमच्या पिढीला पाढ्यांसारखं पाठ होतं. आता कंपनीगणिक वेगळं असतं, बोर्डाची पुस्तिका बघावी.)

तर निळापडदा, डब्याची बाजूची झाकणपट्टी काढा, खोलीतला दिवा घालवा आणि मशीन चालू करून बोर्डाच्या कडेला बघा. चार बारीक दिवे ओळीत असतात, शेजारी सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट असं छापलेलं. सगळ्या बोर्डांना नसतात, पण असले तर कुठला लागून राहतो ते सांगा.

निळापडदा | रात्री ११.५२

आहेत! सहा वर्षांत कधी लक्षच गेलं नव्हतं. चालू केल्यावर सीपीयूचा क्षणभर लागला आणि गेला. मग डीरॅमचा लागला तो लागलेलाच आहे. सात-आठ सेकंदांनी मशीन आपोआप बंद झालं, परत चालू झालं, परत डीरॅम. असं दोन-तीनदा करून आता पंखे फिरवत बसलंय.

चकवा | रात्री ११.५५

रॅम! काढा, सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवा, लावा. दहापैकी आठ वेळा एवढ्याने भागतं.

सोल्डरकाका | रात्री ११.५९

भागतं, आणि पुष्कळदा खोडरबरामुळे नाही तर काढून नीट लावल्यामुळे भागतं. खोडरबर वापरलात तर पांढरा मऊ घ्या, हलक्या हाताने, आणि त्याचा भुसा खोबणीत पडू देऊ नका.

मुख्य बटण बंद, भिंतीतून वायर बाहेर, समोरचं बटण एकदा दाबून ठेवा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. डब्याच्या धातूला हात लावून मग आत हात घाला. रॅम लावताना दोन्ही टोकांना सारखा दाब द्या, कानाशी 'टक' ऐकू आलं पाहिजे. काही बोर्डांना एकाच बाजूला खिटी असते, तिथे दुसरं टोक अर्धवट राहतं आणि दिसायला मात्र बसल्यासारखं दिसतं.

वाफ | रविवार, रात्री १२.१०

इथेच विचारते. माझा लॅपटॉप चालू केला की चार्जिंगचा दिवा लागतो, विंडोज चालू झाल्याचा आवाज येतो, पण स्क्रीन काळी. यालाही रॅम काढू का?

भिंगरी | रात्री १२.१४

वाफ, थांबा! आवाज येतोय म्हणजे तुमचं मशीन पूर्ण जागं झालंय. निळापडदांच्या बरोब्बर उलटी तक्रार. अंधारात टॉर्च स्क्रीनला तिरका धरून अगदी जवळून बघा, पुसट चित्र दिसतंय का. दिसलं तर चित्र आहे, मागचा उजेड गेलाय. दिसलं नाही तर बाहेरचा मॉनिटर किंवा टीव्ही लावून विंडोज की आणि पी दाबा.

आणि त्याआधी कंट्रोल, शिफ्ट, विंडोज आणि बी एकदम दाबा. विंडोज १० आणि ११ मध्ये याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, स्क्रीन जराशी लुकलुकते. कधीकधी एवढ्यावरच चित्र परत येतं.

वाफ | रात्री १२.२६

टॉर्चने दिसलं!! माझा वॉलपेपर, अगदी भुतासारखा. आणि मग लक्षात आलं की स्क्रीनचा उजेड कमी करायचं बटण मी शून्यापर्यंत नेलं होतं. आता दिसतंय सगळं. हसू नका कोणी.

चकवा | रात्री १२.२८

नाही हसलो. (हसलो.)

निळापडदा | रात्री १२.४५

रॅम काढल्या, पुसल्या, टक ऐकून लावल्या. तेच. मग एक-एक करून लावली. एकटी पहिली, तरी डीरॅमचा दिवा. एकटी दुसरी, तरी डीरॅमचा दिवा. दोन्ही रॅम एकदम गेल्या? कालपर्यंत चालत होत्या हो.

नाण्याएवढी बॅटरीपण काढून दहा मिनिटांनी लावली. फरक नाही.

ढकलगाडी | रात्री १२.४८

बोर्ड गेला. नवीन घ्या. नाहीतर बोर्ड काढून हेअर ड्रायरने तापवा, एकाचं ग्राफिक्स कार्ड तसं चालू झालेलं ऐकलंय.

सोल्डरकाका | रात्री १२.५५

तापवण्याचं कृपा करून कोणी मनावर घेऊ नका. तापवून जिवंत झालेलं कार्ड बहुतेक वेळा थोड्याच दिवसांत पुन्हा झोपतं, आणि वाटेत प्लॅस्टिकचे जोड वितळतात ते वेगळेच.

बॅटरी काढलीत ते चांगलं केलंत. ती सीआर२०३२, ३ व्होल्टची. ती काढली की बायोसमध्ये केलेले फेरफार पुसले जातात. रॅमचा वेग हाताने वाढवून ठेवला असेल तर तो मूळपदावर येतो. मशीन चालू झाल्यावर तारीख मागे गेलेली दिसेल, घाबरू नका.

आता नीट आठवून सांगा. एक-एक रॅम लावून बघितली ती कुठल्या खोबणीत?

निळापडदा | रात्री १.०२

चार खोबण्या आहेत. मी प्रोसेसरपासून सगळ्यात लांबची वापरली, कारण बाकीच्या प्रोसेसरच्या कूलरजवळ येतात आणि हात नीट जात नाही. दोन्ही रॅम तिथेच लावून बघितल्या.

खटपट्या | रात्री १.०५

काखेत कळसा. म्हणजे चाचणी दोन रॅमची झाली, खोबणीची झालीच नाही.

सोल्डरकाका | रात्री १.१२

चार खोबण्यांच्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजायचं झालं तर ए१, ए२, बी१, बी२ असा क्रम असतो. एकच रॅम असेल तर ती ए२ मध्ये, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाला. दोन असतील तर ए२ आणि बी२, दुसरी आणि चौथी. तुम्ही सगळी परीक्षा बी२ मध्ये घेतलीत. तिथेच खोट असेल तर जगातली कुठलीही रॅम लावा, नापासच होणार.

एक रॅम ए२ मध्ये लावा. बाकी तिन्ही मोकळ्या. चालू करून दोन-तीन मिनिटं हात लावू नका. बायोस पुसलंय, रॅमची ओळख त्याला पुन्हा करून घ्यायची आहे.

उंबरठा | रात्री १.१५

या 'हात लावू नका'ला माझं दुप्पट अनुमोदन. डीडीआर-५ चं नवीन मशीन जोडलं तेव्हा पहिल्यांदा काळ्या पडद्यापुढे पाच मिनिटं बसलो आणि घाबरून बटण दाबून बंद केलं. परत चालू, परत पाच मिनिटं, परत बंद. असं चारदा. नंतर कळलं की त्याचं मेमरी ट्रेनिंग (नव्या रॅमशी जुळवून घेणं) चाललं होतं आणि प्रत्येक वेळी मी ते अर्ध्यावर तोडत होतो. पाचव्या वेळी कंटाळून उठून गेलो, परत आलो तर बायोस हसत उभं.

निळापडदा | रात्री १.३१

आलं!!! लोगो आला! विंडोज आलं! ८ जीबी दाखवतंय. काम जागेवर आहे, आधी पेनड्राइव्हवर घेतलं. सोल्डरकाका, दंडवत.

मग दुसरी रॅम ए२ मध्ये लावून बघितली, तीही चालली. म्हणजे दोन्ही रॅम धडधाकट. बी२ मध्ये कुठलीही लावली की काळं. बी१ मध्येही काळं. ए१ मध्ये चालते.

चकवा | रात्री १.३४

अभिनंदन! दोन खोबण्या गेल्या, दोन राहिल्या. दोन्ही रॅम ए१ आणि ए२ मध्ये लावा आणि झोपा.

निळापडदा | रात्री १.३६

तसंच करतो. धागा सुटला असं समजा.

सोल्डरकाका | रात्री १.४४

चालेल तसं. दोन रॅम एकाच चॅनेलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या एकाच वाटेवर, आल्यामुळे वेग थोडा कमी मिळेल, पण सोमवारचं काम निघेल.

पण मला झोप येणार नाही. दोन शेजारच्या खोबण्या एकाच रात्री कशा जातील? खोबणी म्हणजे प्लॅस्टिक आणि तांब्याच्या पट्ट्या. त्यात कचरा गेला, तर एकीत जाईल. बी१ आणि बी२ यांच्यात सामाईक आहे ते एकच, बी चॅनेलच्या तारा. आणि त्या तारा दुसऱ्या टोकाला थेट प्रोसेसरच्या खाली जातात. पूर्वी रॅम सांभाळणारा भाग बोर्डावरच्या वेगळ्या चिपमध्ये असायचा. एएमडीने तो २००३ मध्ये प्रोसेसरच्या आत नेला, इंटेलने २००८ च्या नेहालेम प्रोसेसरांपासून. म्हणून आता अर्धी रॅम दिसेनाशी झाली की मी रॅमकडे कमी आणि प्रोसेसरच्या बुडाकडे जास्त बघतो.

निळापडदा, राग मानू नका. काल धूळ काढताना आणखी काय काय काढलं होतंत?

निळापडदा | रविवार, सकाळी ९.२०

काल रात्री हा प्रश्न वाचला आणि उत्तर न देता झोपलो. खरं सांगतो.

कूलर काढला होता. व्हिडिओत बघितलं होतं की प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळते, म्हणून नवीन आणून ठेवली होती. जुनी पुसताना ती प्रोसेसरच्या कडेने खाली गेल्यासारखी वाटली, म्हणून खिटी उघडून प्रोसेसरही उचलला. खालच्या चौकोनात थोडी धूळ दिसली. कापूस लावलेली काडी होती हाताशी. ती फिरवली. हलकेच. दोनदा.

पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नाही, कारण लिहिताना 'धूळ काढली' यात ते आलंच असं वाटलं. नाही, हेही पूर्ण खरं नाही. लिहिलं तर तुम्ही तेच धरून बसाल असं वाटलं.

खटपट्या | सकाळी ९.२८

हात दाखवून अवलक्षण! रात्रभर आम्ही रॅमवर खोडरबर घासतोय.

सोल्डरकाका | सकाळी ९.४१

असू द्या हो, खटपट्या. माझ्याकडे मशीन घेऊन येणारा प्रत्येक जण 'काहीच केलं नाही, आपोआप झालं' असंच म्हणतो. मीही माझ्या डॉक्टरला तसंच सांगतो.

तुमच्या प्रोसेसरची खोबणी एलजीए ११५१. त्या आकड्याचा अर्थच ११५१ स्पर्शबिंदू. इंटेलच्या या पद्धतीत प्रोसेसरचं बूड सपाट असतं आणि केसासारख्या पिना खाली बोर्डात असतात, प्रत्येक पीन एका बाजूला झुकलेली, स्प्रिंगसारखी. त्यांवरून कापूस फिरवणं म्हणजे काटेरी कुंपणावरून लोकरीची शाल ओढणं. एखादा तंतू अडकतो, आणि तो ओढताना पीन बरोबर येते. (एएमडीच्या एएम-४ मध्ये उलटं होतं, पिना प्रोसेसरला. तिथे कूलर ओढताना वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरच उपटून हातात येण्याची भीती.)

कूलर आणि प्रोसेसर पुन्हा काढा. आत्ता खोबणीला हात लावायचा नाही, फक्त फोटो. खोली अंधारी करा, टॉर्च एका बाजूने अगदी खाली तिरका धरा, आणि फोन दोन हात वरून झूम करून चारही बाजूंनी फोटो घ्या. एकेक पीन शोधत बसू नका. ओळींची चमक बघा. शेतातल्या पेरणीसारख्या सरळ रेघा दिसल्या पाहिजेत. जिथे रेघ तुटते तिथे भानगड.

निळापडदा | सकाळी १०.३५

फोटो जोडले आहेत. पहिल्या तीन बाजूंनी मला काहीच दिसलं नाही. चौथ्या बाजूने, म्हणजे रॅमच्या बाजूने टॉर्च धरला तेव्हा, सगळ्या पिनांची टोकं बारीक ठिपक्यांसारखी चमकली आणि कडेपासून चौथ्या ओळीत एक ठिपका नाहीच. त्याच्या शेजारी एक ठिपका जरा लांबट. झूम केल्यावर कळलं की एक पीन शेजारणीच्या अंगावर रेललेली आहे. आणि दोघींच्या मधून कापसाचा एक पांढरा तंतू वर आलाय, श्वास सोडला की हलतो.

इतका वेळ त्याच्याकडे बघत बसलो की आता डोळे मिटले तरी दिसतोय.

भिंगरी | सकाळी १०.४०

फोटो बघून अंगावर काटा आला. अक्षरशः.

सोल्डरकाका | सकाळी १०.५२

सापडलं. आता दोन रस्ते. हात थरथरत असेल तर दुरुस्तीवाल्याकडे द्या, यात कमीपणा काही नाही. स्वतः करायचं असेल तर असं.

तंतू आधी. टोकदार चिमट्याने फक्त तंतूचं वरचं टोक धरा आणि पीन जिकडे झुकलेली असते त्याच दिशेने ओढा, उलट नाही. चिमटा पिनांना टेकता कामा नये.

मग पीन. ०.५ मिमीची यांत्रिक पेन्सिल घ्या आणि आतली शिशाची कांडी पूर्ण काढून टाका. पूर्ण. त्या कांडीत ग्राफाइट असतं, वीज वाहून नेतं, तुकडा आत पडला तर आगीतून फुफाट्यात. पेन्सिलीच्या रिकाम्या नळीचं तोंड पिनेच्या टोकावर अलगद बसतं. बसलं की तसूभर हलवा आणि थांबा. टॉर्च, फोटो, तुलना. पुन्हा तसूभर. रेषेत आणायची आहे, तुमच्या हौसेपुरती सरळ उभी करायची नाही, शेजारणींइतकीच झुकलेली हवी. मागे-पुढे मागे-पुढे केलीत तर तुटेल, आणि तुटली की मग मात्र ढकलगाडी म्हणतात तसं नवा बोर्ड.

निळापडदा | दुपारी १२.१८

तंतू निघाला. पिनेला पाच वेळा हलवलं, मध्ये अकरा फोटो. आता चमक सरळ दिसतेय. प्रोसेसर ठेवताना कडेच्या दोन खाचा जुळवल्या, सोनेरी त्रिकोण बघितला, वरून सोडला नाही, टेकवला. खिटी लावताना जो करकर आवाज होतो तो ऐकून जीव गेला.

चारही केबली लावल्या. आठ पिनी सीपीयूची वीजकेबल विसरणार होतो, ती वरच्या कोपऱ्यात लपलेली असते.

दोन्ही रॅम ए२ आणि बी२ मध्ये. बटण दाबलं. डीरॅमचा दिवा लागला... राहिला... राहिला... गेला! व्हीजीए लागला, गेला. लोगो! १६ जीबी!

पण थांबा, बायोसमध्ये प्रोसेसरचं तापमान ७८ दाखवतंय. आता ८३. नुसतं बायोस उघडं आहे, काही चालू नाही.

सोल्डरकाका | दुपारी १२.२०

बंद करा. लगेच.

खटपट्या | दुपारी १२.२२

कूलर डब्यात आला होता तोच आहे ना, चार प्लॅस्टिकच्या पायांचा? बोर्डाच्या मागच्या बाजूने बघा. चारही पायांची टोकं सारखी बाहेर आलीयेत का? एक नक्की आली नसेल. ते पाय समोरासमोरच्या जोडीने दाबायचे असतात, कर्णाने. एका बाजूचे दोन आधी दाबले की दुसरी बाजू उचलते. आणि काढताना पायाच्या डोक्यावरची खाच फिरवली असेल तर लावण्याआधी ती परत मूळ जागी फिरवावी लागते, नाहीतर पाय आत जातो पण अडकत नाही.

निळापडदा | दुपारी १२.५०

एक पाय अधांतरीच होता. डोकं फिरवायचं राहिलं होतं. कूलर काढला, दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले (या वेळी तंतू न सोडणाऱ्या कापडाने, आणि प्रोसेसर खोबणीतच ठेवून!), वाटाण्याहून लहान पेस्टचा ठिपका, कर्णाने चार टक. चौथी टक मघाशी आली नव्हती, आता फरक कळला.

आता बायोसमध्ये ३६. विंडोजमध्ये थोडा वेळ काम केलं, पंखाही शांत. १६ जीबी, दोन्ही चॅनेल.

वाफ | दुपारी १.०५

छान! मला फक्त उजेडाचं बटण होतं हे आठवून बरं वाटतंय.

उंबरठा | दुपारी १.१२

वाचनखूण साठवली. निळापडदा, पहिली पोस्ट तेवढी दुरुस्त करा. उद्या कुणी शोधत आला तर 'धूळ काढली' एवढंच वाचून रॅम घासत बसेल.

निळापडदा | दुपारी १.३०

करायला गेलो होतो, पण प्रतिसाद आल्यावर मूळ मजकूर बदलता येत नाही असं दिसतंय. म्हणून इथेच लिहून ठेवतो. पहिल्या पोस्टमध्ये 'काल डब्यातली धूळ काढली' असं जिथे आहे तिथे 'काल धूळ काढली, कूलर काढला, प्रोसेसर उचलून पुसला आणि खालच्या पिनांवरून कापसाची काडी दोनदा फिरवली' असं वाचावं.